नाव झाकून बघणारे अण्णा

परवा भर दुपारी दारावरची घंटा वाजली. उघडून बघतो तर आठ-दहा जण उभे, गळ्यात एकाच रंगाचे रुमाल, हातात पत्रकांचे गठ्ठे. जालन्यात, मस्तगडातल्या आमच्या गल्लीत निवडणूक आली की दुपारची झोप विसरायची असते. त्यांतला पुढचा, गोल चेहऱ्याचा गडी, वाकून नमस्कार करत म्हणाला, "काका, ह्याबी टायमाला आपलंच ना? इतके वर्ष आपणच हावोत, आता काय बदलायचंय?"

"बघू," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? नाव बघायचं अन् बटन दाबायचं."

पत्रक माझ्या हातात कोंबून मंडळी पुढच्या दाराकडे गेली. मी खुर्चीत येऊन बसलो, पत्रक उघडलं, आणि माझा अंगठा आपोआप वरच्या नावावर जाऊन बसला. नाव आणि फोटो झाकले गेले, खाली कामांची यादी तेवढी उघडी राहिली. माझं मलाच हसू आलं. ही खोड माझी नव्हे, रंगनाथ अण्णांची. अण्णांना जाऊन आता वर्ष होईल, पण त्यांची खोड माझ्या अंगठ्यात मुक्कामाला राहिली आहे.

अण्णा आणि मी बदनापूरजवळ एका बियाणे कंपनीच्या चाचणी शेतावर नोकरीला होतो. ते फील्डमन, मी कार्यालयातला कारकून. सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याहून निघायचं, बदनापूरला उतरायचं आणि स्टेशनबाहेर ठेवलेल्या सायकली काढून शेत गाठायचं, असा आमचा सव्वीस वर्षांचा रिवाज. अण्णा उंच आणि काटकुळे. डोक्यावर पांढरी टोपी, कानामागे पेन्सिलीचं थोटूक आणि खिशात तळहाताएवढी डायरी. पेन त्यांना चालत नसे. "पेनातली शाई उन्हात पाघळती, सुधाकरराव. पेन्सिल बिचारी कुठंबी चालती," असं ते मला वर्षातून दोनदा तरी सांगत, जणू मी त्यांना पेन भेट द्यायलाच निघालो होतो.

त्यांचं काम ऐकायला सोपं होतं. चाचणी शेतात एकाच पिकाचे पंधरा-वीस वाण शेजारी शेजारी लावतात. पण कुठल्या तुकड्यात कुठला वाण आहे हे पाटीवर लिहीत नाहीत, पाटीवर नुसता नंबर. कुठला नंबर म्हणजे कुठला वाण, हे एका कागदावर असतं. तो कागद पाकिटात, पाकीट चिकटवलेलं, आणि ते माझ्या कपाटात. अण्णांनी हंगामभर फिरून प्रत्येक नंबराला दहापैकी गुण द्यायचे. शेवटी सगळे जमले की सर्वांसमोर मी पाकीट फोडायचं, आणि मग कळायचं की कोण पास झालं आणि कोण नापास.

आता पाकीट माझ्याकडे म्हटल्यावर माझा भाव किती वाढला असेल ते सांगायला नको. भले भले साहेब मला चहाला बोलावत आणि मधेच सहज विचारल्यासारखं करून म्हणत, "ते सात नंबरात काय लावलंय हो?" अण्णांनी सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारणं सोडा, रजेचा अर्ज द्यायला माझ्या खोलीत आले तर कपाटाकडे पाठ करून बसत. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, कपाट बंद आहे. ते काय तुम्हाला डोळा मारणार आहे?"

"तसं न्हाई," ते म्हणाले. "आधी नाव झाकायचं, मंग बघायचं. एकदा का नाव दिसलं की मानूस बघायचंच सोडून देतंय."

गुण देण्याची त्यांची सवय शेतापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. ती त्यांच्या अंगातच मुरली होती. लग्नातल्या मठ्ठ्याला गुण, कीर्तनाला गुण, पॅसेंजरच्या उशिरालाही गुण. आणि ते सगळं नाव झाकून. आंबा खाताना 'कुठला' म्हणून विचारायचे नाहीत, खाऊन झाल्यावर विचारायचे. या सवयीपायी माझ्या घरात एकदा जो प्रसंग ओढवला तो मी जन्मात विसरणार नाही.

परभणीहून माझ्या थोरल्या वहिनी आल्या होत्या. पिठलं कुणाचं चांगलं, यावरून त्यांचं आणि माझ्या बायकोचं, सुनंदाचं, गोड बोलून चाललेलं भांडण दोन दिवस पुरलं. मला अवदसा आठवली आणि मी अण्णांना जेवायला बोलावलं. दोघींनी आपापलं पिठलं केलं. अण्णांनी दोघींना आत पाठवलं, मला सारख्या दिसणाऱ्या वाट्या मांडायला लावल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग येऊन मांडी घातली, दोन्ही वाट्यांतलं चाखलं, मधे पाण्यानं चूळ भरली, पुन्हा चाखलं.

"डावीला सहा, उजवीला आठ," त्यांनी निकाल दिला. "डावीत मिरची जरा जळून राह्यली, अन् मीठ हात राखून पडलंय."

डावी वाटी सुनंदाची होती. पडद्याआडून ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी मनातल्या मनात अण्णांना क्षमा मागायला लावत होतो. दुसरा कुणी असता तर 'तसं दोन्ही चांगलंच आहे हो' म्हणून सुटला असता. अण्णा तिच्याकडे बघून अगदी सरळ मनानं म्हणाले, "वहिनी, सहा म्हंजे पास हाये की!"

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात पिठलं झालं नाही. मग एक दिवस तिनंच मला अण्णांना घेऊन यायला सांगितलं. त्या वेळी साडेआठ मिळाले. मी तीस वर्षं जे कौतुक केलं त्यावर तिचा कधी विश्वास बसला नाही, पण ते साडेआठ ती अजून पाहुण्यांना सांगते. मला याचा थोडा राग येतो, खोटं कशाला बोलू.

पण अण्णा काय चीज होते हे मला कळलं ते त्यांच्या तुरीच्या वेळी. एका जुन्या वाणाच्या तुकड्यात त्यांना तुरीचं एक झाड सापडलं होतं, शेंड्यापर्यंत शेंगांनी लगडलेलं. त्यांनी त्याचं बी वेगळं ठेवलं, दुसऱ्या वर्षी लावलं, त्यातलं चांगलं निवडलं, पुन्हा लावलं. अशी पाच वर्षं. दुसऱ्या झाडांचा पराग लागू नये म्हणून फुलोऱ्यावर जाळीच्या पिशव्या बांधायचे, त्याही सुट्टीच्या दिवशी येऊन. आम्ही सगळे तिला 'अण्णांची तूर'च म्हणायचो. शेवटी साहेबांनी ती चाचणीत घ्यायचं कबूल केलं. म्हणजे ती आता बाकीच्या वाणांत मिसळली, तिला नंबर पडला आणि नंबराचा कागद माझ्या पाकिटात गेला.

त्या वर्षी शेतात मर रोग आला. चांगली उभी झाडं आठवड्यात वाळून जायला लागली. अण्णा नेहमीसारखे फिरले, गुण दिले. हंगाम संपल्यावर सगळे जमले, मी पाकीट फोडलं आणि वाचता वाचता माझी जीभ अडखळली. अकरा नंबर म्हणजे अण्णांची तूर. आणि अकरा नंबराला त्यांनी दिले होते तीन. पुढे शेरा होता, 'बियाण्याला ठेवू नये.'

साहेब भला माणूस. म्हणाला, "अण्णा, शेरा मागे घ्या हवं तर. पुढच्या वर्षी परत लावून बघू."

अण्णांनी डायरी मागून घेतली, पान उघडलं, पेन्सिलीनं लिहिलेलं पुन्हा वाचलं. "शेरा बराबर हाये," ते म्हणाले आणि इतक्या मोठ्यांदा हसले की आम्हालाही हसावंच लागलं.

दुपारी मात्र त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं नाही. मी त्यांना शोधत गेलो तर ते अकरा नंबराच्या तुकड्यात उभे. एक वाळलेलं झाड त्यांनी उपटलं, नखानं खोड चिरून आतली मर रोगाची काळी रेघ मला दाखवली. "आपली म्हनून सोडली असती, तर लोकाच्या वावरात मेली असती," एवढंच बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी उन्हावर ढकललं.

पुढे कधीतरी मी विचारलं, "पाच वर्षं हाताळलेलं झाड. गुण देताना खरंच ओळखलं नाहीत?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमी कधी पाकीट फोडून बघितलं का?" मी नाही म्हणालो. "मंग?" म्हणाले आणि सायकलवर बसले.

अण्णांचं गाव टेंभुर्णीच्या पलीकडे चार किलोमीटर. निवृत्त झाल्यावर ते महिन्यातले पंधरा दिवस तिथे आणि पंधरा दिवस जालन्याच्या घरी असत. मतदान गावालाच होतं. गावात त्यांचे थोरले बंधू, सगळे त्यांना दादा म्हणत. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी अण्णांना वाढवलं. सायकलच्या कॅरिअरवर बसवून टेंभुर्णीच्या शाळेत रोज नेऊन सोडलं आणि रोज परत आणलं. याच दादांचं पॅनल गावच्या ग्रामपंचायतीवर पंचवीस वर्षं होतं. सरपंच बदलायचे, कधी हा कधी तो, पण पॅनल दादांचं. आणि अण्णा दर वेळी गावी जाऊन दादांच्या पॅनलची सगळी बटणं दाबून येत. याबद्दल त्यांनी कधी डायरी काढली नाही, आणि मलाही कधी खटकलं नाही.

मग दोन वर्षांमागच्या निवडणुकीच्या वेळी, थंडीचे दिवस होते, अण्णा सकाळीच आमच्या दारात.

"सुधाकरराव, पाकीट सांभाळायचं काम जमंल का आणखी एकदा?"

त्या वेळी सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. दादांनी आपल्या सुनेला, वर्षाला, उभं केलं होतं. समोरच्या पॅनलकडून मंगल उभी होती, गावातली पिठाची गिरणी चालवणारी. अण्णांना दोन्हीकडची माहिती हवी होती, नावं झाकून. मी गावात हिंडायचं, लोकांना विचारायचं आणि 'नंबर एक', 'नंबर दोन' असं कागदावर लिहून आणायचं. मग ते गुण देणार.

"अण्णा, तो तुमचा सख्खा भाऊ आहे," मी म्हणालो. "यात कसली चाचणी घेताय?"

"म्हनूनच तर घ्यायची," ते म्हणाले. "जलमभर लोकाच्या तुरीला नाव झाकून गुण दिले, अन् गावात मातर नाव बघून बटन दाबून राह्यलो. ह्या वयात तरी बराबर करू द्या."

मी गेलो. मला 'अण्णांचे जालन्याचे पाव्हणे' म्हणून फिरायचं होतं, पण तासाभरात गावातल्या शेळ्यांनाही कळलं असावं की मी कशासाठी आलोय. लोक स्वतःहून ओट्यावर बोलावून सांगत होते. पाण्याची टाकी झाली, शाळेला दोन खोल्या झाल्या, हे सगळ्यांनी सांगितलं. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, हेही सगळ्यांनीच सांगितलं. मी मन लावून लिहिलं आणि शाळेच्या भिंतीला टेकून कडुलिंबाखाली बसलेल्या अण्णांना कागद नेऊन दिला.

त्यांनी चष्मा लावला. नंबर एक वाचलं. मग नंबर दोन वाचायला लागले आणि कागद खाली ठेवला.

"हे काय लिवलंय? 'नंबर दोनच्या गिरणीत डब्यांची रांग मोडत नाही. वीज गेली की किती वेळ लागेल ते डब्यावर खडूने लिहून ठेवते.'"

"लोकांनी सांगितलं. सरपंच झाली नाही अजून, मग तिचं काम दुसरं कुठलं लिहू?"

"अवो, गावात गिरणी एकच हाये! पाकिटावरच नाव लिवून आणलं की तुमी!"

मी ओशाळलो. सव्वीस वर्षं पाकीट सांभाळलेला माणूस मी, आणि एका पिठाच्या गिरणीनं माझी अब्रू घालवली. अण्णा आधी चिडले, मग टोपी काढून हसायला लागले. "सोडा. माझीबी चूकच हाये. गावात कुनाचं नाव झाकतंय?"

तरी त्यांनी पेन्सिल काढली आणि गुण द्यायला घेतले. टाकीला नऊ, शाळेच्या खोल्यांना आठ, पाण्याला चार. 'ग्रामसभा भरत नाही, सह्या घरोघरी फिरून घेतात' याला सहा. तिथे त्यांची पेन्सिल थांबली.

"त्या रजिस्टरात माझीबी सही हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "जालन्याच्या घरी आल्ता दादाचा मानूस. मी इचारलंसुद्धा न्हाई कोणती सभा, कवा झाली. चहा पाजला अन् सही केली."

मग ते एकदम ताठ बसले. "सुधाकरराव, नाव झाकता येत न्हाई, तर उलटं करू. नावं बदलून बघू. समजा, हे रजिस्टर घेऊन मंगलचा मानूस आल्ता. मंग?"

"मग काय?"

"मंग मी त्याला दारातच उभा जाळला असता. चावडीवर बोंब मारली असती, की खोट्या सभा भरवून राह्यले." त्यांनी सहाचा आकडा खोडला आणि तिथे दोन लिहिला. "अन् टाकी? टाकी मंगलच्या लोकांनी बांधली असती, तर मी नाक मुरडून सहा दिले असते. तेबी बराबर न्हाई. टाकी चांगली हाये, पन नऊची न्हाई. आठ."

असा त्यांनी सगळा कागद उलटा करून पुन्हा तपासला. मंगलला मिळालेले गुण गिरणीचे होते, सरपंचकीचे नव्हते, हेही त्यांना डाचत होतं. "जे पेरलंच न्हाई त्याचं पीक कसं सांगावं?" असं दोनदा म्हणाले. पण रांगेचं कलम त्यांना सोडवेना. त्यांच्या वहिनीनं, म्हणजे दादांच्या बायकोनं, सकाळी त्यांच्यादेखत तक्रार केली होती की मेलीनं आपलाही डबा रांगेतच ठेवला. तेव्हा अण्णा वहिनींच्या बाजूनं हुंकारले होते. आता लिंबाखाली बसून त्यांनी त्या डब्याला नऊ गुण दिले. वॉर्डातल्या मेंबरला मात्र, जो दादांच्याच पॅनलचा होता, त्यांनी आठ दिले, कारण त्यानं स्वतः उभं राहून नाल्या काढून घेतल्या होत्या. शेवटी पान मिटलं. सरपंचपदाचं मत मंगलला, मेंबरचं दादांच्या माणसाला.

"चला, मिटलं," मी म्हणालो. "मत गुप्त असतं. बटण दाबा आणि गप घरी या."

"आसं कसं? गुण देऊस्तोवर नाव झाकायचं. गुण दिल्यावर पाकीट सगळ्याम्होरं फोडायचं असतंय," अण्णा म्हणाले आणि दादांच्या घराकडे चालायला लागले. मी मागून त्यांना चार शिव्या दिल्या, मनात.

दादा अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. प्रचाराची माणसं जेवायला गेली होती. वर्षा दारात उभी होती, पदर खोचून, बी.ए. झालेली हुशार मुलगी.

"बोल रे रंगनाथ, जल्दी बोल. निघून राह्यलो," दादा म्हणाले.

"दादा, सरपंचाचं माझं मत तुमाला न्हाई. मेंबरचं हाये. ते सांगायला आल्तो."

दादांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "घरच्या सुनेला मत न्हाई?"

"सुनेला असतं तर इचार केला असता. तिला एकदा तरी बोलू दिलं का तुमी? मत तुमालाच द्यायचं हाये, फोटो तिचा हाये."

दारातली वर्षा आत गेली नाही, हे मी पाहिलं.

"तुला सांगायला कुनी सांगितलं? गप दिलं असतंस, मला कळलं तरी असतं का?"

"म्हनूनच सांगितलं. तुमी मला कॅरिअरवर बसवून शाळंत नेलं. तुमाला न सांगता तुमच्या इरोधात बटन दाबनं मला जमनार न्हाई."

दादा उठले. "चहा पिऊन जा," म्हणाले आणि आम्हाला अंगणात तसंच सोडून घरात निघून गेले. चहा आला, अण्णांनी तो पूर्ण प्यायला. त्या दिवशी ते दादांकडे जेवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्यांनीच मला परतीच्या एसटीत सांगितलं.

मंगल निवडून आली, चाळीसेक मतांनी. म्हणजे अण्णांच्या एका मतानं काही झालं नव्हतं, पण हे दादांना कोण समजावणार? 'घरातूनच सुरुंग लागला' असं त्यांना सांगणारे गावात पुष्कळ होते. दादांनी बोलणं टाकलं. फोन उचलेनात. अक्षय तृतीयेला वडिलांच्या नावानं पित्र जेवू घालतात, ते दर वर्षी दादांच्या घरी व्हायचं आणि दोघे भाऊ शेजारी बसायचे. त्या वर्षी अण्णांनी ते जालन्याच्या घरात एकट्यानं केलं. मला बोलावलं होतं. पानात आमरस होता, केशरी, दाट. मी मुद्दाम म्हटलं, "अण्णा, किती गुण?" ते म्हणाले, "गोड हाये," आणि पुढे काही नाही. मला त्यांचा राग आला आणि दादांचाही, आणि त्या दिवशी वाटलं की हा माणूस जरा कमी खरा असता तर सुखात राहिला असता. पण सहाचे आठ करणारे अण्णा मला तरी चालले असते का, ठाऊक नाही.

जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, मी सहज त्यांच्याकडे गेलो तर गॅलरीत खुर्चीवर दादा बसलेले. पायांजवळ तुरीच्या बियाण्याच्या दोन पिशव्या. दोघे भाऊ समोरासमोर बसून रस्त्यावरची रहदारी अशी बघत होते की जणू तेच काम ठरलं होतं. मी आलो तसे दोघेही माझ्याकडे वळले.

"बियाणं बदलायचं म्हनतो औंदा," दादा मला म्हणाले, खरं तर अण्णांना. "घरचंच पेरून राह्यलो लई वर्ष. दुकानदार म्हनतो दोन्ही चांगले. ह्याला इचारायला आलो, कोनतं पेरू."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी कामाचा. "मला कामून इचारता? तुमीच बघा. पन नाव झाकून. सुधाकरराव, पिशव्या आत न्या. दोन ताटांत थोडं थोडं काढा. कोनत्या ताटात कोनतं, चिठ्ठीवर लिवा अन् चिठ्ठी खिशात ठिवा. अन् ह्या वेळी गिरणी-बिरणी लिवू नका."

मी ताटं आणून मांडली. दादांनी चष्मा पुसला. दाणा दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला, दातांखाली धरून बघितला, दोन्ही ताटांतलं बी तळहातावर घेऊन हलवून पाहिलं. अण्णा त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. बऱ्याच वेळानं दादांनी एका ताटावर बोट ठेवलं.

"हे. नाव सांगू नका. उगवल्यावर बघू."

मग ताटावरची नजर न काढता ते म्हणाले, "रंगनाथ, त्या दिशी तू तोंडावर येऊन सांगितलंस. त्याचे तुला सहा देतो. जास्ती बिलकुल न्हाई."

"सहा म्हंजे पास हाये की, दादा," अण्णा म्हणाले.

त्या वर्षीची तूर निघायच्या आत अण्णा गेले. मी त्यांना त्यानंतर दोन-तीनदा भेटलो असेन, पण मला आठवतात ते त्या दिवसाचे. निघताना मी फाटकाशी वळून पाहिलं. गॅलरीत दोन पांढऱ्या टोप्या एका ताटावर वाकल्या होत्या, आणि दादांनी निवडलेले दाणे अण्णा पुन्हा एकदा चिमटीत धरून, डोळे मिचकावून बघत होते. चिठ्ठी माझ्या खिशात तशीच राहिली. दोघांपैकी कुणी ती मागितली नाही.